घोडा कोणाचा, लगाम कोणाच्या हातात?

गेल्या रविवारी संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या ताई घरी आल्या. सोबत त्यांचा धाकटा मुलगा होता. चेहऱ्यावरूनच कळले की घरात वाद झाला आहे. आमच्या मंडळींनी चहा ठेवला आणि ताईंनी एका दमात सगळे सांगून टाकले. मुलाचा मंगल परिणय ठरला आहे, मुलगी शिकलेली आहे, देणेघेणे काही नाही. सगळे गोड झाले. पण घोड्यावर येऊन अडले. मुलाला वरातीला घोडा हवा आहे. घोडा म्हटला की बॅण्ड आला, बॅण्ड आला की मित्र म्हणतात डीजे पाहिजे, आणि डीजे आला की फटाके आलेच. हिशेब चाळीस हजारांच्या घरात गेला. वडील म्हणतात, आपली पद्धत साधी, विहारात त्रिशरण-पंचशील घ्या आणि जेवण करून घरी या. मुलगा म्हणतो, आयुष्यात एकदाच लग्न होते. ताई आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही चार पुस्तके वाचता, पेपरात लिहिता. तुम्हीच सांगा त्याला."

आम्ही पडलो कारकून. आमची हयात कागदी घोडे नाचवण्यात गेली. खऱ्या घोड्याचा आमचा संबंध लहानपणी टांग्यात बसलो तेवढाच. तरी आम्ही म्हणालो, आठवडाभर थांबा, विचार करून सांगतो. तो विचार वाचकांपुढेच मांडत आहोत, कारण हा प्रश्न एका घराचा नाही. लग्नसराई आली की आपल्या दहा घरांपैकी दोन घरांत हा वाद असतोच.

प्रथम भाषेकडेच पहा. मराठीत घोडा किती ठिकाणी येतो! उशीर झाला तर 'वरातीमागून घोडे', काम एकदाचे पार पडले की 'गंगेत घोडे न्हाले', स्वतःचेच खरे करणारा 'आपले घोडे पुढे दामटतो', आणि परीक्षा जवळ आली की 'घोडामैदान जवळच आहे'. ज्या मुलखाचे राज्य घोड्याच्या पाठीवर उभे राहिले, त्या मुलखाची भाषा अशीच असणार. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. घोडा स्वतःचा की सरकारचा, एवढ्यावरून माणसाची पायरी ठरत असे.

या सगळ्यात आमचा माणूस कोठे होता? घोड्याजवळच होता, पण पाठीवर नव्हे, जमिनीवर. गावात सरकारी अंमलदार आला की त्याचा घोडा धरायचा, त्याला गवत-पाणी करायचे, त्याच्या पुढे पळत जायचे, सरकारी टपाल पायी या गावाहून त्या गावाला पोचवायचे, ही सारी महार वतनाची कामे. रात्री-अपरात्री बोलावणे आले तरी नाही म्हणायची सोय नव्हती. एकटा आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. या वतनाविरुद्ध बाबासाहेब मुंबई कायदे मंडळात १९२८ पासून झगडले. ते वतन कायद्याने संपले ते १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायद्याने, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. ज्या घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या घोड्याला पाणी पाजले, त्यांच्यापैकी कोणी घोड्यावर बसला तर गावाला ते सहन होत नसे. घोडा तोच, माणूसही तोच. फरक फक्त उंचीचा! घोड्यावर बसलेल्या माणसाकडे मान वर करून पाहावे लागते, आणि दुखणे तेथेच आहे.

पुढे शहरे वाढली आणि घोडा गाडीला जुंपला गेला. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. ती चालवणारी स्टर्न्स अँड किटरिज ही कंपनी अमेरिकन होती, आणि तिच्या तबेल्यात सुमारे ९०० घोडे होते असे सांगतात. १९०५ साली घोड्यांची ट्राम थांबली आणि १९०७ साली विजेची ट्राम आली. आपल्या नाशिकलाही घोड्यांची ट्राम होती, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. नाशिकरोड स्टेशनापासून गावात मेनरोडपर्यंत चार घोडे डबे ओढत येत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ही ट्राम १९३० नंतरच्या काही वर्षांत बंद पडली. मग राहिला टांगा. आमच्या लहानपणी स्टेशनाबाहेर टांगे उभे असायचे. घोड्याच्या तोंडाला तोबरा, डोळ्यांना झापडे, आणि टांगेवाला सवारीसाठी हाका मारतो आहे. आई आम्हाला मांडीवर घेऊन पुढच्या बाजूला बसायची, आणि खडबडीत रस्त्यावर नालांचा टपटप आवाज ऐकत आम्ही पंचवटीपर्यंत यायचो. नंतर रिक्षा आल्या आणि टांगेवाल्यांचा धंदा बसला.

टांग्याची एक गंमत अशी की तेथे जो पैसे देईल तो बसतो. निदान तसा नियम असायला हवा. खेड्यातल्या घोड्यावर जात बसली होती. शहरातल्या भाड्याच्या घोडागाडीत तरी जात नसेल असे कोणालाही वाटेल. पण तसे नव्हते. याचा पुरावा आपल्या नाशिकपासून फार लांब नाही. मनमाडवरून पुढे गेले की चाळीसगाव लागते, तेथेच तो आहे.

वर्ष १९२९. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली होती आणि बाबासाहेब तिचे सभासद होते. खानदेशातल्या एका गावी आपल्या लोकांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करण्यासाठी ते धुळ्याच्या गाडीने गेले आणि परत चाळीसगावला उतरले. चाळीसगावच्या आपल्या लोकांनी आग्रह धरला होता की एक रात्र आमच्याकडे राहावे. स्टेशनवर हार घातले गेले. महारवाडा सुमारे दोन मैलांवर, नदीच्या पलीकडे. स्टेशनाबाहेर भाड्याचे टांगे पुष्कळ होते. तरीही बाबासाहेबांना तासभर ताटकळत बसावे लागले आणि कारण कोणी सांगेना. अखेर एक टांगा आला. टांग्यात बाबासाहेब आणि हाकणारा असे दोघेच. बाकीची मंडळी जवळच्या वाटेने पायी पुढे गेली.

टांगा दोनशे पावलेही गेला नसेल, तोच एका मोटारीला धडकता धडकता वाचला. पोलीस ओरडला म्हणून मोटारवाल्याने गाडी मागे घेतली. पुढे नदीवरचा फरशीचा पूल आला. पुलाला कठडा नव्हता, फक्त कडेने काही अंतरावर दगड रोवलेले. रस्त्यावरून पुलावर येताना काटकोनात वळावे लागे. त्या वळणावर घोडा बिथरला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब उडून फरशीवर पडले आणि घोड्यासह टांगा नदीत गेला. बाबासाहेब बेशुद्ध झाले. महारवाडा समोरच्याच काठावर होता. बायामुलांच्या रडण्याओरडण्यात त्यांना उचलून तेथे नेण्यात आले. पायाचे हाड मोडले होते आणि बरेच दिवस त्यांना अंथरुणात काढावे लागले.

मागाहून खरा प्रकार कळला. एकही टांगेवाला अस्पृश्य सवारी घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. त्यात त्याचा कमीपणा होता! दुसरीकडे, आपल्या माणसाने पायी चालत महारवाड्यात यावे हे चाळीसगावच्या लोकांना कमीपणाचे वाटत होते. शेवटी तडजोड झाली. मालकाने टांगा भाड्याने द्यायचा, पण हाकायचा नाही. हाकणारा तुमचा तुम्ही आणा. आपल्यापैकी एकाने लगाम हातात घेतला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकलेला नव्हता. आरंभी त्याला वाटले, यात काय आहे! पण जबाबदारी ध्यानात आली तसा तो घाबरला आणि घोडा त्याच्या हाताबाहेर गेला.

ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. ती आपण अनेकदा ऐकतो, भाषणात सांगतोही. पण सांगताना अर्धीच सांगतो. परदेशात शिकून आलेल्या बॅरिस्टरपेक्षा टांगेवाला स्वतःला मोठा समजत होता, हे आपण सांगतो, आणि ते खरेच आहे. पण बाबासाहेबांनी त्याच ठिकाणी आपल्या लोकांनाही एक गोष्ट सुनावली आहे, ती आपण गाळतो. सवारीच्या मानापेक्षा सवारीचा जीव महत्त्वाचा, हे चाळीसगावची मंडळी विसरली, असे त्यांनी लिहिले आहे. माझा मान राखण्यासाठी त्यांनी माझा जीव धोक्यात घातला, असा त्याचा अर्थ. त्यात राग नाही, माया आहे; पण बोट अचूक ठेवले आहे.

ज्याने लगाम धरला तो बिचारा कोण होता, त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. त्याचा दोष तरी काय? त्याच्या बापजाद्यांनी घोडे धरले, घोड्यांना चारा घातला. पण घोडा हाकणे हा त्यांचा धंदा नव्हता. आपल्या माणसांना घोडा हाकायला कोणी शिकवले नव्हते.

येथे आम्हाला अमेरिकेची एक गोष्ट आठवते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला शिकत होते. त्या एवढ्या मोठ्या शहरात तेव्हाही घोड्यांची ट्राम शिल्लक होती. शेवटची १९१७ साली बंद झाली. त्या देशात घोड्याचे मोठे कौतुक. सिनेमात घोड्यावर बसून गुरे हाकणारा काउबॉय नेहमी गोरा दाखवतात. पण इतिहासकार सांगतात की गुरे हाकणाऱ्यांत चारातला एक तरी काळा होता. घोड्यांच्या शर्यतीचेही तेच. गुलामगिरीच्या काळात मालकाचे घोडे सांभाळायचे काम काळ्या गुलामांकडे होते. खरारा करणे, दाणा-पाणी, घोड्याला चाल शिकवणे सगळे त्यांच्याकडे. त्यातून घोड्यावर त्यांचा हात बसला. १८७५ साली केंटकी डर्बी ही तेथली नावाजलेली शर्यत सुरू झाली. पहिल्याच वर्षी १५ स्वारांपैकी १३ काळे होते, आणि जिंकला ऑलिव्हर लुईस हा काळा जॉकी. पहिल्या २८ शर्यतींपैकी १५ काळ्या जॉकींनी जिंकल्या. आयझॅक मर्फी तर तीनदा जिंकला.

मग पैसा वाढला, नाव वाढले, आणि गोऱ्यांना हे सलू लागले. गोरे जॉकी संगनमताने काळ्या जॉकीचा घोडा कठड्याला दाबत, मालक त्यांना घोडे देईनासे झाले. १९०१ आणि १९०२ साली जिमी विंकफील्ड जिंकला. त्यानंतर आजपर्यंत एकही काळा जॉकी ती शर्यत जिंकलेला नाही. थोडी वर्षे आधी ज्यांचे राज्य होते, ते मैदानातूनच नाहीसे केले गेले.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पहा. चाळीसगावला आपल्या माणसाच्या हातात लगाम आला, पण विद्या नव्हती. केंटकीत काळ्या माणसाच्या हातात विद्या होती, पण पाठीशी कायदा आणि संघटना नव्हती. एकाने भागत नाही. दोन्ही लागतात.

कायद्याचेच बोलू. आपल्याकडे आजही घोड्यावरून माणसे मरतात. मार्च २०१८ मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात टिंबी गावी एकवीस वर्षांच्या दलित तरुणाचा खून झाला. तो घोडा पाळतो आणि त्यावर बसून हिंडतो म्हणून धमक्या येत होत्या, अशी त्याच्या वडिलांची तक्रार होती. त्याच वर्षी जुलैमध्ये उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात एका दलित नवरदेवाची वरात मोठ्या पोलीस बंदोबस्तात काढावी लागली. त्या साध्या वरातीसाठी त्याला महिनोन्महिने अर्ज करावे लागले, उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागला. त्याआधीच ॲट्रॉसिटी कायद्यात दुरुस्ती झाली होती, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला वरात काढण्यास किंवा वरातीत घोड्यावर बसण्यास अडवणे हा त्यात स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरवला आहे. सायकल, मोटारसायकल, पायात चप्पल, अंगावर नवे कपडे हेही त्याच कलमात आहे. कायद्याच्या पुस्तकात घोडा हा शब्द लिहावा लागला, यावरून देशाची स्थिती समजून घ्यावी. ज्या गावात आपल्या नवरदेवाला अडवतात, त्या गावात त्याने घोड्यावर बसलेच पाहिजे, आणि आपण शहरातल्या लोकांनी त्याच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. याविषयी आमच्या मनात काही शंका नाही.

आणखी एक बाजू आहे ती मुक्या जनावराची. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. घोड्यांचे हाल हे त्याचे कारण. डांबरी रस्त्यावर खुरांची दैना, पुरेसे पाणी नाही, तबेल्यात जागा नाही. पुढे २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या. गाडीवाल्यांच्या पोटाचाही प्रश्न होता, तो आम्ही हलका मानत नाही. पण वरातीतला घोडा पाहिला आहे का कधी? समोर डीजेच्या भिंती, मागे फटाक्यांची माळ, डोळ्यांवर दिव्यांचा झोत, आणि मोतद्दार त्याचा लगाम घट्ट धरून उभा. घोड्याचे कान माणसापेक्षा तिखट. तो थरथरत असतो आणि आपण म्हणतो घोडा नाचतो आहे! सिद्धार्थ गौतमाने अनोमा नदीच्या काठी छन्न आणि कंथक घोडा यांना निरोप दिला, हे आपण वाचतो. त्या कंथकाची माया आठवणाऱ्यांनी आपल्या वरातीतल्या घोड्याकडेही एकदा पाहावे.

हे सारे आम्ही परवा ताईंच्या घरी जाऊन मुलाला सांगितले. मुलगा हुशार आहे. दुसऱ्याचा टेम्पो चालवतो, पिंपळगावहून माल भरून पहाटे मुंबईला पोचवतो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "काका, म्हणजे अडवले तर बसायचे आणि नाही अडवले तर बसायचे नाही, असे का? माझ्या मनाला वाटते म्हणून बसू नये का?"

खरे सांगतो, आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. प्रश्न रास्त होता. हक्क हा भांडणापुरताच नसतो, सुखासाठीही असतो. आम्ही एवढेच म्हणालो, "बाळा, बस. कोणी नाही म्हणत नाही. पण चाळीस हजार आणणार कोठून?" तेव्हा कळले की पतसंस्थेचे कर्ज काढायचे ठरत होते, आणि त्याच पतसंस्थेत त्याने स्वतःच्या टेम्पोसाठीही अर्ज केला होता. दोन्ही कर्जे मिळणे शक्य नव्हते. आम्ही त्याला चाळीसगावच्या त्या माणसाची आठवण दिली. "त्याच्या हातात एका दिवसापुरता लगाम आला, तोही भाड्याच्या टांग्याचा. तुझ्या हातात रोज स्टिअरिंग असते, खिशात लायसन आहे. फक्त गाडी दुसऱ्याची आहे. एका रात्रीचा भाड्याचा घोडा घ्यायचा की वर्षानुवर्षे चालणारी आपली गाडी, ते तू ठरव."

मुलगा गप्प बसला. वडिलांना वाटले जिंकलो. पण कोपऱ्यात बसलेली आजी बोलली. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येते, पण सगळे ऐकत होती. म्हणाली, "माझ्या लग्नात तुझा आजा पायी आला. वाटेत मोठ्या वाड्यापुढून जाताना डोक्याचा फेटा काढून हातात घ्यायला लावला होता. घोडं तर आम्ही लांबूनच बघायचो. पोरा, कर्ज काढू नको. पण मला एकदा बघायचंय."

यावर कोणालाच काही बोलता आले नाही. वडिलांनी चष्मा काढून पुसला.

शेवटी असे ठरले. डीजे नाही, फटाके नाहीत, पतसंस्थेत अर्ज फक्त टेम्पोचा. लग्न विहारात, सकाळी, साध्या पद्धतीने. आणि गल्लीच्या टोकापासून विहारापर्यंत, जेमतेम दहा मिनिटांची वाट, मुलगा घोड्यावर बसून येईल. घोड्याचे भाडे तो स्वतःच्या पगारातून देणार. सकाळच्या उन्हाआधी निघायचे, घोड्याला अगोदर पाणी पाजायचे, पुढे फक्त आपल्या पोरांची हलगी, तीही घोड्यापासून लांब. आजीची खुर्ची विहाराच्या दारात, पहिल्या जागेवर.

आम्ही सल्ला द्यायला गेलो होतो आणि शिकून आलो. साधेपणाचा आग्रह आम्ही सोडणार नाही. कर्जाने सजवलेल्या वराती आपल्या वस्त्यांना पोखरत आहेत आणि हे आम्ही पुन्हा पुन्हा लिहू. पण साधेपणा सांगताना एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांतली सत्तर वर्षांची भूक विसरून चालणार नाही. लग्नघरांनी एवढाच हिशेब करावा की घोडा कोणासाठी, पैसा कोणाचा, आणि उद्या सकाळी लगाम कोणाच्या हातात राहणार.

ताई जाता जाता हसून म्हणाल्या, "चला भाऊ, गंगेत घोडे न्हाले एकदाचे!" आम्ही म्हणालो, "न्हाले खरे. आता टेम्पोही न्हाऊ द्या."

जयभीम!